दोन तारखा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या चिंचवडच्या इमारतींतील तळमजल्यावरचें एक बिऱ्हाड एकाएकीं अबोल झालें. गृहस्थ पोलिसांत शिपाई. रोज सकाळीं जिन्यांत भेटला कीं "काका, नमस्कार" म्हणणारा हा उमदा माणूस खालीं मान घालून जाऊं लागला. पुढें कळलें तें असें: त्यानें आपल्या ठाण्यांतील एका गैरव्यवहाराविषयीं वरिष्ठांस लेखी कळविलें होतें, त्यानंतर त्याच्यावरच बेशिस्तीचा ठपका येऊन चौकशी सुरू झाली, आणि मुदत पुरी होण्याआधींच त्याची दूर बदली झाली. त्याची तक्रार खरी होती कीं खोटी, हें मला ठाऊक नाहीं. ठाणें कोणतें तेंही मी लिहीत नाहीं. त्याच्या मुलीचें शाळेचें वर्ष अजून इकडेच पुरें व्हावयाचें आहे.

रविवारीं मंडळी गच्चीवर जमली. कोणी म्हणालें, महानगरपालिकेवर मोर्चा न्यावा. येथें मला मध्यें पडावें लागलें. पोलीस हे पालिकेच्या नव्हे, राज्य सरकारच्या ताब्यांत. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं पिंपरी-चिंचवडचें स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालें आणि चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगांव हा सारा टापू त्यांत आला. पण नगरसेवकाचा शब्द तेथें हुकूम म्हणून चालत नाहीं. रस्त्यांतील खड्डा कोणी बुजवावयाचा हें आपण जाणतों. पोलिसाला शिक्षा कां झाली, हें कोणास विचारावयाचें, तें मात्र चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही कोणास सांगतां येत नाहीं.

शिपायाला स्वतः बोलण्याची सोय नाहीं. १९६६ च्या कायद्यानें पोलिसाला परवानगीवांचून संघटना करतां येत नाहीं, कीं वर्तमानपत्राला मजकूर देतां येत नाहीं. निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय लिखाणाला तेवढी मोकळीक आहे. "मग बिचाऱ्यानें आपली कैफियत आर्यावृत्तांत लिहावी!" असें आमचे एक स्नेही म्हणाले. हंसलों सगळे, पण फार वेळ नाहीं. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांस संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्यें झाला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. अंमल मात्र सुरूच झाला नाहीं. त्याच वर्षीं महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यांत दुरुस्ती होऊन शिपायाला एका ठिकाणीं सामान्यतः पांच वर्षें ठेवावें असें ठरलें, आणि लोकहितासाठीं आधीं बदली करण्याची वाटही त्यांतच ठेवली गेली. आमचें म्हणणें एवढेंच कीं, बदली लोकहितासाठीं झाली असेल तर तें हित कोणतें हें लोकांना कळूं द्या.

पहिला अर्ज आम्हीं घाईंत लिहिला. शिपायाचें नांव घालून चौकशीचे सारे कागद मागितले, दहा रुपये भरले, आणि यथाकाळ नकार आला: ही व्यक्तिगत माहिती आहे. राग आला, पण नकार अगदींच निराधार नव्हता. गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०१२ मध्यें असें ठरविलें कीं, नोकराला दिलेले ठपके, नोटिसा, शिक्षा ही नोकर व मालक यांच्यामधली बाब. व्यापक लोकहित दाखविल्यावांचून ती तिऱ्हाइतास मिळावयाची नाहीं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठीं २०२३ मध्यें झालेल्या कायद्यानें हें कुंपण आणखी उंच केलें आहे. लोकहित भारी ठरल्यास माहिती देण्याचें कलम शिल्लक आहे, इतकाच आधार.

या सुमारास मला क्रॉफर्ड-प्रकरणाची आठवण झाली. १८८८ सालीं मध्य भागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यावर लांचलुचपतीचे आरोप झाले. साक्षीसाठीं लॉर्ड रे यांच्या सरकारनें मामलेदारांस अभय दिलें, आणि बढती-बदलीसाठीं आपण पैसे चारल्याचें त्यांनीं कबूल केलें. साहेब लांचेच्या आरोपांतून सुटला, हाताखालच्यांकडून कर्ज काढल्याबद्दल तेवढा नोकरींतून गेला. आणि विलायतेंत ओरड होतांच अभय दिलेल्या मामलेदारांपैकीं कित्येकांनाही घरीं बसविण्यांत आलें. १८८९ मध्यें पुण्यांत जाहीर सभा भरून टिळकांनीं त्यांची बाजू मांडली. ते मामलेदार कांहीं धुतल्या तांदळासारखे नव्हते. सभा भरली होती ती सरकारच्या मोडलेल्या वचनासाठीं.

आतां जें लिहावयाचें तें लिहितांना हात अडखळतो. मी एका कचेरींत तीस वर्षें काढलीं. तेथें एका कनिष्ठ कारकुनानें खरेदींतील घोटाळ्याविषयीं वर लिहिलें. साहेबांनीं मला बोलावून त्याचें हजेरीपुस्तक पाहावयास सांगितलें. उशिरां येण्याचे सात दिवस मीं शोधून काढले, आणि 'शिस्तभंग' हा शब्दही माझाच. त्याच्या पत्रावर आवक-शिक्का होता ३ तारखेचा. माझी टिपणी त्याच महिन्याच्या २२ ची. दोन्ही कागद एकाच फायलींत होते, पण त्या तारखा शेजारीं ठेवून कोणी पाहिल्या नाहींत. त्याची वेतनवाढ गेली. माझी राहिली. ही हकीकत मीं घरींही सांगितली नव्हती.

त्या रात्रीं ती सांगितली. कुटुंब कांहीं वेळ गप्प बसलें, मग म्हणालें, "मग कागद कशाला मागतां? तारखाच मागा कीं."

दुसऱ्या दिवशीं शिपायाची बायको वर आली. "काका, पुन्हा अर्ज करणार असाल तर करा, पण ह्यांचं नांव नको. पहिल्या अर्जानंतर ह्यांना बोलावून विचारलं, हे लोक तुझे कोण?" त्याच्यासाठीं म्हणून केलेला अर्ज त्याच्याच अंगावर गेला होता, आणि आम्हांला त्याची दादही नव्हती.

तेव्हां नांव गळालें. नव्या अर्जांत एवढेंच आहे: मागील तीन वर्षांत दलांतील ज्यांनीं वरिष्ठांविरुद्ध लेखी तक्रार दिली, त्या प्रत्येक तक्रारीची नोंदवहींतील तारीख, आणि त्याच इसमावर पुढें चौकशी किंवा मुदतपूर्व बदली झाली असल्यास तिची तारीख. नांव नको, हुद्दा नको. नोंदवहींत आहे तेंच मागावें, कारण नवें कोष्टक करून देण्यास कचेरी बांधलेली नाहीं. राज्याच्या नियमानें अर्ज दीडशें शब्दांत बसवावा लागतो. आमचा शंभराच्या आंत बसला.

तो एका नांवानें जावयाचा होता. सोबतच्या निवेदनावर सह्या घेतांना घरोघर निराळाच अनुभव आला. तळेगांव दाभाड्यास माहितीच्या अधिकारानें जमिनींचे व्यवहार उजेडांत आणणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजीं सकाळीं फिरावयास गेले असतां खून झाला. त्यांनीं आधीं पोलीस-संरक्षण मागितलें होतें. हें इकडे कोणी विसरलेलें नाहीं. बत्तीस बिऱ्हाडांतून अकरा सह्या झाल्या. दारें लावून घेणाऱ्यांना मी बोल लावीत नाहीं. मला तो अधिकारही नाहीं.

अर्जदार म्हणून सही माझी आहे. सोमवारीं अर्ज देऊन आलों. पोंच घरीं आणून कुटुंबाच्या हातीं दिली. तिनें ती दिनदर्शिकेच्या खिळ्याला लावून तीस दिवस मोजले आणि त्या तारखेभोंवतीं पेन्सिलीनें गोल काढला.