कॉइल नेत नाही, मीटर नेतो

गंगाखेडात गिझरच्या तक्रारी यायला लागल्या की थंडी आली म्हणून समजावं. "भाऊ, लाल दिवा लागतोय, पण पाणी काही तापंना. कॉइलच गेली असंल, नवी घेऊन या." मी कॉइल नेत नाही, मल्टिमीटर नेतो.

बरेचदा दोष गिझरच्या टाकीबाहेर असतो. रब्बीच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडं व्होल्टेज पडतं. 230 व्होल्टला 2000 वॅट देणारी कॉइल 180 व्होल्टला जेमतेम 1200 वॅट देते. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर जायला एरवी वीस-बावीस मिनिटं लागतात, तिथं पस्तीस लागतात. गिझर धडधाकट असतो, घरच्यांनी थोडं थांबायचं असतं. तेवढं सांगून, काहीही न विकता परत फिरण्यात मला कमीपणा वाटत नाही.

व्होल्टेज ठीक असेल तर मेन बंद करून झाकण उघडायचं, कॉइलच्या वायरी सोडवायच्या आणि दोन टोकांना मीटर लावायचं. 26 ओहमच्या आसपास आकडा आला तर कॉइल चांगली. मग थर्मोस्टॅट, कटआउट बघायचा. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली. नुसत्या टेस्टरवर विसंबू नये. फेज येतो, टेस्टर लागतो, आणि न्यूट्रल सॉकेटात जळून सुटलेला असतो.

बोअरच्या जड पाण्याचा त्रास वेगळाच. बाहेर काढलेली कॉइल ओळखू येत नाही. पिवळट-पांढऱ्या क्षाराची जाड साल चढलेली. नखानं निघत नाही, पान्यानं ठोकलं की खपल्या पडतात. शेजारच्या मॅग्नेशियम रॉडची झिजून नुसती तार उरलेली. या सालीमुळं उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत तापून तुटते. टाकी न धुता नवी कॉइल बसवली तर तिचीही तीच गत होते.

आता एखाद्या घरी डिशवॉशर दिसतो. भांडी तुपट निघाली की पाणी तापलं नसल्याची शंका येते. तपासणी याच क्रमानं करायची; फक्त तिथं सेन्सर आणि बोर्ड बघावा लागतो. पाणी जड असेल तर त्याच्या कप्प्यात खास मीठ भरावं लागतं, आणि ते संपलेलं कुणाच्या ध्यानात नसतं.

मला चीड आहे ती एकाच गोष्टीची. कटआउट सारखा पडतो म्हणून काहीजण तो काढून वायरी थेट जोडून देतात. पाणी तापतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण पुढं थर्मोस्टॅट चिकटला तर कॉइल बंद करणारं काही उरत नाही. पाणी उकळतं, दाब वाढतो, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारानं जाम झालेला असेल तर टाकी फुटते. म्हणून झाकण लावण्याआधी मिस्त्रीला विचारा, कटआउट जोडलाय का, अर्थिंग तपासलं का. तो घाईत असला तरी विचारा.