ओजस चाळीस इंचांचा झाला की

टॅम्पा
जूनअखेर

प्रिय मुक्ता,



तुझा एक्सेलचा तक्ता मिळाला. पाच दिवस, डिस्नेचे चार पार्क, मॅजिक किंगडम दोनदा, रोज सकाळी साडेसातला दारात हजर आणि दुपारच्या जेवणाला वीस मिनिटं. रंगसुद्धा काय सुरेख दिलेयस! आणि सगळ्यात खाली, एकूण खर्चाच्या लाल आकड्याशेजारी कंसात लिहिलंयस, ‘एकदाच जायचंय’. तेवढं वाचलं आणि हे पत्र लिहायला बसले. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आधी तारखा. नोव्हेंबरचा पहिला आठवडा तू धरलास, कारण तेव्हा अटलांटिक सिटीला शिक्षकांचं अधिवेशन असतं आणि तुमच्याकडच्या शाळांना सुट्टी मिळते. अगं, हा शोध न्यू जर्सीतल्या सगळ्या आयांना फार पूर्वी लागलाय. इकडे त्या आठवड्याला ‘जर्सी वीक’ असं नावच पडलंय. एडिसनमध्ये वर्षभर जी शेजारीण भेटत नाही, ती तुला डंबोच्या रांगेत भेटेल. डिस्नेवाल्यांनाही हे ठाऊक असतं. 2018 पासून त्यांची तिकिटं तारखेप्रमाणे महाग-स्वस्त होतात. हल्ली एका दिवसाचं तिकीट साधारण एकशेवीस डॉलरपासून सुरू होतं आणि नाताळात मॅजिक किंगडमसाठी दोनशेच्या आसपास जातं. किल्ला तोच, आतला उंदीरही तोच.

दुसरं कारण तू लिहिलं नाहीस, पण मी हिशेबनीस बाई, मला दिसलं. डिसेंबरात ओजसला तिसरं वर्ष पूर्ण होतं आणि तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मार्चमध्ये ईरा दहाची होते आणि दहापासून मोठ्यांचं तिकीट. म्हणून तुझी घाई. पण नीट बघ. ईराच्या बाबतीत मुलांच्या आणि मोठ्यांच्या तिकिटात फरक असतो जेमतेम काही डॉलरचा. दहाव्या वर्षाचा चटका बसतो तो मिकी-मिनी टेबलापाशी येऊन भेटतात त्या बुफे जेवणांत, आणि तिथे ईरा एवढंसं खाऊन उठणार हे आपल्या दोघींना माहीत आहे. तर तिथे जाऊच नका.

ओजसचं तिकीट वाचेल हे खरं. पण त्याची विमानातली सीट? ती दोन वर्षांनंतर काढावीच लागते. आणि त्याला करता काय येणार? सात बुटक्यांच्या खाणीतली गाडी अडतीस इंचांची, सोअरिनला चाळीस लागतात, स्पेस माउंटनला चव्वेचाळीस. तू दारामागे पेन्सिलीने त्याच्या उंचीच्या रेघा काढतेस ना, त्या मोज. पस्तीस-छत्तीसच्या वर नसणार. म्हणजे एकजण बाबागाडीशी उभा आणि दुसरा ईराबरोबर आत. ‘रायडर स्विच’ नावाची सोय आहे, दुसऱ्याला परत रांग लावावी लागत नाही. पण तुम्ही चौघं एकत्र असे दिवसातून किती वेळ असाल, ते तुझ्या तक्त्यात मांडून बघ.

म्हणून माझं म्हणणं असं, की या नोव्हेंबरात येऊ नका. येत्या जानेवारीतही नको. त्याच्या पुढच्या जानेवारीत या. मार्टिन ल्यूथर किंगच्या सुट्टीनंतर आणि फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या आधी. तेव्हा सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो कमरेला बांधावा लागतो. पाण्याच्या राइड कमी होतील, काही डागडुजीसाठी बंदही असतील, पण उन्हाळ्यातल्यासारखं रोज दुपारी वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड बंद, हे नसेल. ओजस चाळीस इंचांना टेकलेला असेल. ईराची शाळा तीन-चार दिवस बुडेल. बुडू दे. मंदारराव कपाळाला आठ्या घालतील, त्यांना सांग मावशीने जबाबदारी घेतलीय.

तोपर्यंत ईराची राजकन्यांची हौस उतरेल म्हणशील. उतरली तर तेवढे झगे वाचले. आणि पावणेअकरा वर्षांची मुलगी बापाबरोबर अंधारात स्पेस माउंटनमध्ये किंचाळून बाहेर आली, की राजकन्येपेक्षा जास्त मिरवते. मी पाहिलंय. सत्तर मैलांवर राहते, त्यामुळे आपल्या गोतावळ्यातलं कुणीही आलं की आधी माझ्याकडे उतरतं आणि परतताना पाय चोळत पुन्हा माझ्याच सोफ्यावर पडतं. (फ्लोरिडावाल्यांची सवलतीची तिकिटं तुझ्या नावावर काढून दे, असंही दरवेळी कुणीतरी विचारतं. ओळखपत्र बघतात, बाई.)

आता त्या ‘एकदाच’बद्दल. तुला गोराईची होडी आठवते? तू दुसरीत असशील. बोरिवलीहून रिक्षाने जेट्टीवर, तिथून खाडी ओलांडून एस्सेलवर्ल्ड. ते 1989 मध्ये सुरू झालं तेव्हापासून तुझे बाबा ‘एकदा जाऊ’ म्हणत होते. एकच तिकीट आणि आत सगळं फुकट, त्यामुळे भावोजींनी आपल्याला पाळण्यातून उतरवून थेट पुढच्या चक्रात बसवलं. पैसे वसूल व्हायला हवे होते ना! तू तीनदा ओकलीस, ताई आणि मी बाकावर बसायचा विषय काढला तर भावोजी घड्याळ दाखवायचे. ते पार्क 2022 मध्ये बंद पडलं, पण तुझ्या तक्त्यात मला भावोजींचं घड्याळ जसंच्या तसं दिसलं.

गंमत म्हणजे डिस्नेकडे पूर्वी असं नव्हतंच. ऑक्टोबर 1971 मध्ये मॅजिक किंगडम उघडलं तेव्हा मोठ्या माणसाला आत जायला साडेतीन डॉलर पडत आणि राइडसाठी कुपनांची वेगळी पुस्तिका घ्यावी लागे. ए ते ई अशी कुपनं, ए म्हणजे किरकोळ आणि ई म्हणजे सगळ्यात भारी. ई कुपनं मोजकी असल्यामुळे कशात बसायचं हे घरातल्यांना आपसात ठरवावं लागे, आणि ती संपली की बँड ऐकत बसायला माणसं मोकळी. 1982 मध्ये एप्कॉट सुरू झालं त्या सुमाराला ही पुस्तिका गेली आणि एका तिकिटात सगळं आलं. तेव्हापासून जो तो पळतोय. पुढे रांगेतून सुटायला 1999 मध्ये फास्टपास काढला, तो फुकट होता. 2021 पासून रांग टाळायचेही पैसे पडतात, आणि तेही तारखेप्रमाणे बदलतात.

तर तू घरी तशी कुपनं कर. पुठ्ठ्याची, हाताने. प्रत्येकाला रोज दोन ‘ई’. ईराने तिच्या दोन निवडायच्या, तुम्ही तुमच्या, ओजसच्या त्याच्या मर्जीने. त्याने तीच गाडी दोनदा निवडली तर दोनदा. बाकी मिळालं तर मिळालं. रांग टाळायचे पैसे भरायचेच असतील तर एखाद्या दिवशीच भरा, मॅजिक किंगडमच्या. पार्कचे दिवस पाचाऐवजी तीन. मध्ये एक दिवस कोरा ठेव. त्या दिवशी मोनोरेलने हॉटेलं बघत हिंडा, तिला तिकीट लागत नाही. डिस्ने स्प्रिंग्जला जा, तिथे पार्किंगही फुकट आहे. हॉटेलच्या तरणतलावात पोरं दोन तास डुंबली की पार्कची आठवणसुद्धा काढत नाहीत, हे पाहून तुला थोडं वाईट वाटेल, त्याची तयारी ठेव.

आता पैसे. तीन दिवसांची तिकिटं, विमान, राहणं, गाडी, खाणं मिळून माझ्या अंदाजाने सहा हजार तीनशेच्या आसपास धर. जानेवारीपर्यंत, म्हणजे त्या पुढच्या जानेवारीपर्यंत, अठरा महिने आहेत. महिना साडेतीनशे. तू म्हणतेस क्रेडिट कार्डावर घेऊ आणि बोनस आला की फेडू. बोनस यायच्या आधी गाडीचे टायर जातात, हा माझा अनुभव आहे, आणि कार्डाचं व्याज वीस टक्क्यांच्या वर. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात या नोव्हेंबरातल्या पॉपकॉर्नचं व्याज भरत बसायचंय का?

पगाराच्या दिवशी आपोआप वेगळ्या खात्यात जाईल असं करून टाक, बघायलाच नको. आणि तुमची ती एडिसनची भिशी चालू आहे ना? तिच्यात चिठ्ठीने नंबर लागतो ठाऊक आहे, पण बायकांशी बोलून शेवटून दुसरा-तिसरा मागून घे. सुरुवातीचा नंबर सगळ्यांना हवा असतो, तू उशिराचा मागितलास तर खुशीने देतील. स्वतःच्या खात्यात पैसे टाकायला माणूस एखादा महिना चुकतो, भिशीत चुकत नाही, कारण तिथे सुलभाकाकू विचारायला बसलेल्या असतात. काही मोठ्या दुकानांत डिस्नेची गिफ्ट कार्डं छापील किमतीपेक्षा थोडी स्वस्त मिळतात, तीही अधूनमधून घेऊन ठेव. वाचतात थोडेच, पण कार्डावर गेलेला पैसा पडद्यांवर खर्च होत नाही. पावत्या मात्र जपून ठेव. उरलेल्या दिवसांची अर्धी वापरलेली तिकिटं विकणाऱ्यांकडे फिरकू नकोस. ती दुसऱ्याच्या नावाने चालत नाहीत.

आणि एक सांगून ठेवते, फार महत्त्वाचं. किसिमीच्या हमरस्त्यावर टपऱ्या असतात, ‘डिस्नेची तिकिटं निम्म्यात’. निम्म्यात मिळतात, पण त्याआधी सकाळचा नाश्ता आणि ‘फक्त दीड तासाचं’ प्रेझेंटेशन. हा टाइमशेअरचा सापळा. इथल्या ओळखीतलं एक कुटुंब असंच दीड तास म्हणून गेलं आणि दुपार टळल्यावर बाहेर आलं ते एका फ्लॅटच्या दरवर्षीच्या एका आठवड्याचे मालक होऊन. तिकिटांत दोनशे वाचले, देखभालीचे पैसे आजही भरतायत, आणि तो आठवडा घ्यायला कुणी तयार नाही. सही केल्यावर दहा दिवसांत रद्द करायची मुभा फ्लोरिडाच्या कायद्यात आहे, पण ते त्यांना अकराव्या महिन्यात कळलं. मंदारराव भिडस्त आहेत. त्यांना त्या रस्त्यावर गाडी थांबवू देऊ नकोस.

राहायचं कुठे हे तुमचं तुम्ही ठरवा. डिस्नेच्या हॉटेलात राहिलात तर पार्किंगचे रोजचे तीस डॉलर वाचतात आणि रोज अर्धा तास आधी आत सोडतात. विमानतळावरून फुकट नेणारी त्यांची बस मात्र 2022 पासून बंद आहे. बाहेर भाड्याचं घर स्वस्त पडतं, स्वयंपाकघर असतं, आणि इथेच माझी एक अट आहे. पैसे वाचवायला तू तिथे पोळ्या लाटणार असशील तर येऊच नकोस. कुकरमध्ये वरण-भात लावणं मंदाररावांना येतं. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देतात, काचेची बाटली तेवढी नको. थेपले, खाकरे, चिवडा, सफरचंदं ने. पाणी विकत घेऊ नका, खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात. एक जेवण मात्र खर्चाचं करा. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये ‘सना’ म्हणून हॉटेल आहे, तिथे नान आणि नऊ प्रकारच्या चटण्या-लोणची येतात आणि खिडकीबाहेर जिराफ चरतात. पार्कचं तिकीट लागत नाही. साठ दिवस आधी टेबल राखता येतं.

हे जेवण मी खास ताईसाठी सांगतेय. त्या हिवाळ्यात ताई-भावोजी तुमच्याकडे असतील तर त्यांनाही आणा, पण त्यांची तिकिटं सगळ्या दिवसांची काढू नकोस. एक दिवस पुरे, मॅजिक किंगडमचा. तिथेही गाडी लावल्यावर तळं ओलांडायला बोटच असते, ताईला तीच सगळ्यात आवडेल. तिचा गुडघा बघता व्हीलचेअर भाड्याने घ्या, ती नाही म्हणाली तरी. बाकीचे दोन दिवस दोघं माझ्याकडे राहतील, आम्हाला बोलायला तेवढे पुरायचे नाहीत. आणि तिकिटाचा आकडा भावोजींना कळू देऊ नकोस. ते रुपयांत गुणाकार करतील आणि आत शिरताच घड्याळ काढतील.

बाकी क्षेम. तक्ता नवा कर आणि पाठव, रंग तेच ठेव. विमानाचं बुकिंग करताना एवढं बघ, की शुक्रवारी संध्याकाळी ऑरलँडोला उतरणारं घेऊ नकोस. त्या वेळी आय-फोरवर गाडी घालून मी सख्ख्या बहिणीलाही आणायला जात नाही.

तुझी,
मावशी