पात्र, ताट, वाटी

मे महिना, रायपूर. सकाळी महादेवघाटावर गेलो होतो. खारूनचं पात्र आक्रसलंय. नदीचं ते पात्र, देवघरातल्या पळी-पंचपात्रातलंही पात्र, नाटकातलंही. शिवाय घराघरात एखादा इरसाल काका असतो, तो तर ‘एक पात्रच’!

नदीला पात्र असतं, तसे रांजणही; ते तर नद्यांनीच कोरले. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या भोवऱ्यात गोटे गरगरत राहिले आणि काळ्या कातळाला खोल, गुळगुळीत खळगे पडले. रांजणखळगे. इतका नेमका शब्द कुठल्या परिभाषा समितीला सुचला असता असं मला वाटत नाही. पाणी भरायचा रांजण ज्याच्या घरी होता, त्यालाच तो सुचणार.

ताटाची गत मात्र इथे रायपुरात निराळी. सोलापूरकडे ज्वारीचा उभा धांडाही ताटच. जेवायचं ताट आणि शेतातलं ताट एकाच घरात सुखाने नांदतात. छत्तीसगडात शिवारभर धान. त्यामुळे आमच्या पोरांना ताट ठाऊक ते फक्त स्टीलचं. दुसऱ्या अर्थाला इथे जमीनच मिळाली नाही. बदल्यात बटकी मिळाली: रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, म्हणजे बासी, ज्यात खातात ते काशाचं खोलगट भांडं. आईने ती केव्हाच फडताळात घेतली.

वाटीचं काय सांगावं! आमटीची, खोबऱ्याची, गुडघ्याची. परवा आईने शेजारणीकडे ‘एक वाटी’ मागितली. तिने ‘बाटी’ ऐकलं आणि विचारलं, सोबत दालही देऊ का?