काल्पनिक भाडेकरू

घरपट्टीविषयी कुरकुर करणे हा आपल्याकडचा सर्वमान्य विरंगुळा आहे. किराणा दुकानाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात हा विषय निघाला की प्रत्येकापाशी सांगण्यासारखे काहीतरी असतेच. मात्र त्या कुरकुरीचे रूपांतर सही केलेल्या अर्जात क्वचितच होते. आम्ही तो अर्ज केला, म्हणून हा लेखनप्रपंच.

बुलढाणा जिल्ह्यात अकरा नगरपरिषदा आहेत. त्यांपैकी एकीच्या हद्दीत आमचे घर आहे. कोणत्या, हे सांगण्याचे कारण नाही. घर वडिलांनी बांधले. मागच्या दोन खोल्या मातीच्या विटांच्या, वर टिनपत्रे. पुढची स्लॅबची खोली बऱ्याच वर्षांनी, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हाती आले तेव्हा झाली. तिच्यापुढे सपरी. वडिलांच्या पश्चात घर आईच्या नावे झाले आणि घरपट्टी ती आपल्या कुटुंब निवृत्तिवेतनातून भरते. आम्ही दोघांनी भरतो म्हटले तर तिला ते अपमानास्पद वाटते.

२०१८ च्या पावसाळ्यात नवीन आकारणीची नोटीस आली. वर्षाला ७४० रुपये असलेला कर २,९६० रुपये होणार होता. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढं महागाचं घर मले झेपत नसन तर विकून टाका. मी जाते नाशकाले पोरीकडे." रागाने म्हणाली असती तर आम्ही ते मनावर घेतले नसते. ती शांतपणे म्हणाली, आणि तेच आम्हाला लागले.

तेव्हा कायदा वाचणे भाग पडले. आपल्या वऱ्हाडात पूर्वी १९२२ चा मध्यप्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायदा होता. त्याची जागा महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने घेतली. त्यात वार्षिक भाडेमूल्याची पद्धत आहे. घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल, याचा अंदाज करायचा, दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर ठरलेल्या टक्क्यांनी कर लावायचा. भाडे १२,००० रुपये धरले तर करयोग्य मूल्य १०,८०० रुपये. मालक स्वतः राहत असला तरी हिशेब हाच. म्हणजे ज्या घरात कधी भाडेकरू आला नाही, त्याही घरात कायदा एक काल्पनिक भाडेकरू आणून बसवतो. आईला हे समजावून सांगितले तेव्हा तिने विचारले, "मंग त्याच्याकडूनच घ्या म्हना टॅक्स." तिच्या तर्कात दोष काढणे आम्हाला जमले नाही.

या अदृश्य गृहस्थाने मोठमोठ्या न्यायालयांनाही कामाला लावले आहे. दिवाण दौलतराय कपूर यांच्या प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की जेथे भाडेनियंत्रण लागू आहे तेथे कायद्याने ठरू शकणाऱ्या प्रमाणभाड्याच्या पलीकडे कल्पनाशक्ती नेता येत नाही. प्रकरण दिल्लीचे होते आणि आमच्या अर्जात आम्ही ते घातले नाही. तीन खोल्यांच्या घरासाठी सर्वोच्च न्यायालय कशाला? पण कल्पनेलाही मर्यादा असते, हे वाचून धीर आला.

दर चार वर्षांनी आकारणीची यादी नव्याने होते आणि ती अंतिम होण्यापूर्वी लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवावी लागते. नोटिशीत हरकतीसाठी तीस दिवस दिले होते. हा काळ फार मोलाचा आहे. या टप्प्यावर साधा लेखी अर्ज पुरतो. यादी कायम होऊन बिल हाती पडल्यावर अपील करायचे तर मुदत अवघी पंधरा दिवसांची असते, आणि मागितलेली रक्कम आधी नगरपरिषदेत जमा करावी लागते. आमच्या गल्लीतील बहुतेकांनी नोटीस देव्हाऱ्यामागे किंवा विजेच्या बिलांच्या तारेला खोचून ठेवली होती.

आम्ही कार्यालयात जाऊन यादी पाहिली आणि आपल्या घराचा उतारा घेतला. तो वाचताना प्रथम हसू आले. मागच्या दोन्ही खोल्या स्लॅबच्या दाखवल्या होत्या. मोजमाप बाहेरून घेतल्यामुळे उघडी सपरीही खोलीत जमा झाली होती. आणि पुढच्या खोलीचा वापर 'वाणिज्य' असा होता. मोजणीला आलेल्या मुलांनी तेथे शिलाई मशीन पाहिले असावे. त्या मशीनवर आई शेजारच्या मुलींचे फ्रॉक शिवते, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवसांत पांढरे झगे शिवते, आणि कोणाकडून पैसे घेत नाही. परंतु वापर निवासी नाही असे एकदा ठरले की आकारणीचा दर तर चढतोच, शिवाय रोजगार हमी करही लागू होतो. तो शिक्षण कराप्रमाणे १९६२ च्या राज्याच्या कायद्याखाली येतो, घरपट्टीच्या बिलातूनच वसूल होतो आणि जातो मात्र राज्याकडे. आईच्या मशीनमधून राज्याची रोजगार हमी चालणार होती!

खरी अडचण पुढेच होती. यादीच्या त्याच पानावर शेजारचे घर होते. दोन मजली, संपूर्ण स्लॅबचे. यादीत मात्र एकच मजला, आणि कर आमच्या नव्या करापेक्षा कमी. समान घरांना समान आकारणी हवी, हा मुद्दा मांडायचा तर शेजाऱ्याच्या घराचा क्रमांक लिहिणे हाच सर्वांत सोपा पुरावा होता. ओळखीच्या एका वकिलांनी तसेच सुचवले. यादी सार्वजनिक आहे, त्यात खोटे काही नाही, आणि चुकवलेला कर शेवटी गावाच्याच नळांतून आणि दिव्यांतून वजा होतो, हेही खरे. आम्ही तो परिच्छेद लिहिलाही. आईने वाचायला घेतला आणि चष्मा काढून ठेवला. "आपलं कमी करा म्हनावं. त्याचं वाढवा म्हनू नये." वडिलांच्या शेवटच्या आजारात त्या शेजाऱ्याची जीप रात्री-अपरात्री आमच्या दारात उभी असे, हे तिने बोलून दाखवले नाही. नागरिक म्हणून वकिलांचे म्हणणे बरोबर होते असे आमचे आजही मत आहे. परिच्छेद आम्ही काढून टाकला.

अर्जासोबत चारही बाजूंनी घेतलेली छायाचित्रे, आतून घेतलेल्या मापांचा हातनकाशा आणि जुनी बिले जोडली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सुनावणीला आई स्वतः आली. नगररचना विभागाचे मूल्यनिर्धारण अधिकारी तरुण होते आणि समोर शंभरावर माणसे बसली होती. त्यांनी मशीनविषयी विचारले. आई म्हणाली, "साहेब, दुकान असतं तं मी टॅक्सले भ्याले असते का?" ते हसले आणि पुन्हा मोजणीचा शेरा मारला.

दुसऱ्या मोजणीला आलेल्या कर्मचाऱ्याने टेप आतून धरली. दोन महिन्यांनी निर्णय आला. मागच्या खोल्या टिनपत्र्याच्या ठरल्या, सपरी वगळली गेली, वापर निवासी झाला. दर मात्र नवीनच राहिले, कारण ते सर्वांनाच लागू होते. कर १,१८० रुपये झाला. आम्हाला तो अजूनही थोडा जास्त वाटत होता आणि पुढे अपिलाची वाट मोकळी होती. आईने नको म्हटले. पुढची खोली स्लॅबची आहे, तेवढे द्यायलाच हवे, असे तिचे म्हणणे पडले. पैसे घेऊन ती एकटीच गेली आणि पावती वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली.

नाशिकचा विषय तिने पुन्हा काढला नाही. त्याच आठवड्यात शेजारी आपली नोटीस घेऊन आले. वरच्या मजल्याची नोंद कशी करून घ्यायची, असे ते विचारत होते. मुलाच्या कर्जासाठी बँकेला पूर्ण घराचा उतारा हवा होता. अर्ज आम्हीच लिहून दिला.