भाऊ, मामा आणि मित्र



'माझी आवडती व्यक्ती' हा निबंध मी दरवर्षी आठवीला घालते. चाळीस वह्यांमध्ये चाळीस माणसं येतात, पण तपासताना वाटतं की माणूस एकच आहे. तो पहाटे लवकर उठतो, खूप कष्टाळू असतो, सर्वांशी प्रेमाने वागतो आणि 'म्हणून तो मला फार आवडतो' असं म्हणून संपतो. मुलांना किती नावं ठेवायची? गेल्या वर्षी मामा गेला. तेराव्याच्या दिवशी सगळे म्हणाले, "तू शिक्षिका, दोन शब्द बोल." मी उभी राहिले आणि काय बोलले? मामा कष्टाळू होता. सर्वांशी प्रेमाने वागायचा.

मामा कर्वेनगरला राहायचा. पूर्वीचं हिंगणे बुद्रुक. आता तिथे इमारतींची दाटी आहे. माझ्या लहानपणी मात्र त्याच्या खोलीमागे मोकळी जागा होती आणि पावसाळ्यात इतका चिखल व्हायचा की चप्पल हातात घेऊन चालावं लागे. आजोबा गेले तेव्हा तो सोळा वर्षांचा, आई चौदाची. मॅट्रिक होताच त्याने शाळा सोडली आणि तो छापखान्यात खिळे जुळवायला लागला. आईला त्याने महिलाश्रम हायस्कूलमध्ये शिकवलं, पुढे डी.एड. करवलं. आई शिक्षिका झाली, तिच्यामुळे मी झाले. आमच्या घरात हे कुणी कधी मोठ्याने म्हणत नसे, कारण म्हटलं तर मामा उठून बाहेर जायचा.

रविवारी तो मला संस्थेच्या आवारात फिरायला न्यायचा. महर्षी कर्व्यांनी १९०० साली इथे जी झोपडी उभारली, तिची गोष्ट सांगायचा. अण्णा तिथून फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला आणि परत, चिखल तुडवत कसे चालत जात, तेही सांगायचा. मग ठरलेला प्रश्न यायचा. "अण्णा सगळ्यांना ठाऊक. बायांचा भाऊ कोण होता सांग?"

तुम्हाला माहीत आहे? मला तर तेव्हा नव्हतं.

त्यांचं नाव नरहरपंत जोशी. मूळचे देवरुखकडचे. मुंबईत शिकत असताना कर्व्यांचे मित्र, त्यांच्याच बिऱ्हाडात राहणारे. त्यांची बहीण गोदूबाई अगदी लहानपणी विधवा झालेली. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय होई ते वेगळं सांगायला नको. नरहरपंतांनी तिला मुंबईला आणलं. तिथे ती कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाईंबरोबर घरकाम करत राहिली. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली ती हीच गोदूबाई. राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या आनंदीबाई झाल्या, पुढे सगळ्यांच्या 'बाया'. मुरुडात कर्व्यांच्या घरावर बहिष्कार पडला. धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. पुढे त्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत फिरल्या आणि १९१८ मध्ये थेट अमेरिकेला गेल्या.

म्हणजे बघा, हा एकच माणूस दोघी बहिणींचा भाऊ, अण्णांचा मित्र आणि शंकर, दिनकर, भास्कर या कर्वे मुलांचा मामा. अण्णांना भारतरत्न मिळालं, बायांनी 'माझे पुराण' लिहिलं, पार्वतीबाईंनी 'माझी कहाणी'. नरहरपंत मात्र दुसऱ्यांच्या गोष्टीत दोन-तीन पानं येतात आणि जातात. मामाला ते फार आवडायचे. का, ते मला खूप उशिरा कळलं. (कळलं असं तरी मी म्हणते.)

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. मी आठवीत असताना आई आजारी होती, म्हणून पालकसभेला मामा आला. थेट छापखान्यातून. शर्ट स्वच्छ होता, पण बोटं काळी. शिशाचे खिळे आणि शाई, ते साबणाने जात नसे, नखांच्या कडांना बसलेलं असायचं. माझ्या मैत्रिणींनी विचारलं, "कोण गं हे?" मी म्हटलं, "शेजारचे काका."

तो माझ्या मागेच उभा होता. घरी जाताना त्याने मला उसाचा रस पाजला. नेहमीसारखंच बोलला. आईला सांगितलं, "पोरीचं मराठी चांगलं आहे, गणितात लक्ष घालायला हवं." त्यानंतर इतक्या वर्षांत विषय निघाला नाही. पुढे खिळे गेले, संगणकावर जुळणी आली, त्याचं काम सुटलं. बोटं हळूहळू गोरी झाली. मला वाटलं, तो विसरला.

तेराव्याला माझे ते गुळगुळीत दोन शब्द झाल्यावर त्याचे एक मित्र माझ्याशेजारी येऊन बसले. रोज संध्याकाळी दोघं बुद्धिबळ खेळत. म्हणाले, "तू म्हणजे ती शेजारच्या काकांची भाची ना? फार हसायचा तो. म्हणायचा, बरं झालं, शेजारचा तरी म्हणाली. गल्लीतला कोणीतरी म्हणाली असती तर?"

हसायचा, असं ते म्हणाले. मी आईला हे सांगितलेलं नाही. मित्राजवळ बोलायला त्याला जागा होती, एवढं मात्र बरं वाटलं.

या वर्षी विषय दिला तेव्हा आधी मी माझा निबंध वर्गाला वाचून दाखवला. पहाटे लवकर उठणं वगैरे काही नाही. काळी बोटं, पालकसभा, उसाचा रस, एवढंच. वर्ग नेहमीपेक्षा शांत होता. तुम्ही वर्गात असं काही वाचणार असाल तर आवाज सांभाळा. माझा मध्येच गेला.

शेवटच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. एरवी तो हात वर करत नाही.

"मॅडम, मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात का?"

मी म्हटलं, "नाही रे."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने वही उघडली, आधी लिहिलेलं पहिलं वाक्य खोडलं आणि शेजारच्याकडे पेन मागितलं.