नेफ्यातली नाडी

बोटाच्या मुळाशी तळहातावर जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद, तेवढ्यापुरतं बधिरतेचं इंजेक्शन, दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीन टाके आणि रिक्षाने घरी. अडकणाऱ्या बोटाच्या, म्हणजे ट्रिगर फिंगरच्या ऑपरेशनचं हे वर्णन अगदी खरं आहे. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष: ऑपरेशन छोटं, तेव्हा पुढचं सगळंच छोटं. ऑपरेशन झालेले हात पुन्हा चालते करणं हे माझं काम. त्या बाजूने पाहताना मला असं दिसतं की, या ऑपरेशननंतरच्या बहुतेक तक्रारी सुरीने केलेल्या नसतात. ऑपरेशनआधी अंगावर काढलेल्या महिन्यांत आणि नंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत त्या तयार होतात, आणि या दोन्ही काळांकडे दुर्लक्ष होतं ते ‘छोटं’ या एका शब्दामुळे.

आत काय घडतं ते कळायला परकराची नाडी पुरे. नाडीला गाठ पडली की ती नेफ्याच्या तोंडाशी अडते. ओढली तर खटकन आत जाते आणि परत येताना पुन्हा अडते. बोट वाकवणाऱ्या कंडरा अशाच एका नेफ्यातून सरकतात. त्या हाडाला धरून राहाव्यात म्हणून नेफ्यावर ठिकठिकाणी घट्ट कडी असतात. तळहाताकडचं पहिलं कडं जाड झालं आणि तिथेच कंडरा फुगली की बोट लटकतं. या गाठीचं वर्णन नोता या फ्रेंच डॉक्टरने १८५० साली केलं. ऑपरेशनमध्ये एवढं पहिलं कडं उभं चिरून मोकळं करतात, कंडरेला हात लावत नाहीत. आपल्या बोलण्यात मात्र कंडरा, मज्जातंतू आणि रक्तवाहिनी या तिन्हींना ‘शीर’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे ‘शीर मोकळी करायची’ असं डॉक्टर म्हणतात आणि घरी निरोप पोचतो तो ‘शीर कापणार’ असा. निम्मी भीती इथली आहे, आणि त्या भीतीपायी गेलेले महिने पुढे महागात पडतात.

सुरीचे म्हणून जे धोके आहेत ते नाकारण्यात अर्थ नाही. अंगठ्याच्या मुळाशी एक मज्जातंतू छेदाच्या वाटेतच तिरका जातो. तो दुखावला तर अंगठ्याची एक कड बधिर होते. दुसरं कडं चुकून कापलं गेलं तर कंडरा हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाते आणि पकडीचा जोर जातो. पहिलं कडं अर्धवट सुटलं तर खटका राहतोच. म्हणून रुग्णाला जागं ठेवून टेबलावरच बोट वाकवायला सांगण्याची पद्धत मला शहाणपणाची वाटते. संधिवाताच्या आमवाती प्रकारात तर हे कडं सहसा कापूच नये, बोटं करंगळीकडे कलण्याचा धोका वाढतो. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण त्याची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत: सगळं बोट फुगतं, ते किंचित वाकलेलं राहतं, कंडरेच्या वाटेवर दाबलं की दुखतं आणि दुसऱ्याने सरळ करू गेल्यास कळ येते. कॅनावेल या अमेरिकी शल्यविशारदाच्या नावाने ही चार लक्षणं शिकवली जातात. ती दिसली तर सकाळची वाट पाहू नये.

हे सगळं मिळूनही आकडा लहानच भरतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७८ बोटांपैकी फक्त दोनांवर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली. पण त्याच अभ्यासात जखम उशिरा भरणं, दुखत राहणं, बोट पुरतं न हलणं असल्या ‘किरकोळ’ तक्रारी चौथ्या हिश्शाहून अधिक होत्या. किरकोळ कोणाच्या लेखी, हा खरा प्रश्न. टाके कोरडे आहेत, खटका गेला आहे, म्हणजे कागदावर ऑपरेशन यशस्वी. ज्या बाईला पिळा घालून चादर पिळता येत नाही, किंवा ज्याला दुचाकीचा क्लच सुटत नाही, त्यांचा हिशेब त्या कागदावर नसतो.

या किरकोळांत सगळ्यात चिवट तक्रार बोटाच्या मधल्या सांध्याची. बोट सरळ करताना खटका दुखतो, म्हणून माणूस ते सरळ करणंच टाळतो. असे सहा-आठ महिने गेले की सांध्याच्या तळहाताकडच्या बाजूचे बंध आखडतात. मग कडं मोकळं केलं तरी बोट सरळ होत नाही, कारण आता अडचण नेफ्याची राहिलेलीच नसते. रुग्णाला वाटतं ऑपरेशन बिघडलं. शल्यविशारद म्हणतो, माझं काम चोख झालं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. ऑपरेशनआधी सांधा किती सरळ होत होता हे कोणी मोजून लिहिलेलं नसतं, एवढंच. मधुमेहात हे अधिक घडतं. साखरेने ऊतींमधले कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडतात, म्हणून सर्वसाधारण माणसाला आयुष्यभरात बोट अडकण्याची शक्यता दोन-तीन टक्के असेल तर मधुमेह्याला ती दहा टक्क्यांपर्यंत जाते. देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. अशा काही हातांचे दोन्ही तळवे नमस्काराला जुळवल्यावर बोटं टेकत नाहीत, मध्ये फट राहते. ही फट ऑपरेशनच्या आधी दिसायला हवी. स्टेरॉइडचं इंजेक्शन मधुमेह्यांना तुलनेने कमी लागू पडतं, काही दिवस साखर वाढवतं. आणि ते घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे.

आखडलेल्या सांध्याशी दांडगाई चालत नाही, हा धडा आपल्याच देशात गिरवला गेला. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांवर काम केलं तेव्हा हिसका देऊन बोट ताणणं त्यांनी वर्ज्य मानलं. बोट जितकं आपसूक सरळ होतं तिथे प्लास्टरची नळी चढवायची, काही दिवसांनी काढायची, मग थोडी अधिक सरळ नळी. कमी जोर आणि जास्त वेळ. रात्री बोट सरळ धरून ठेवणारी साधी पट्टी आजही याच तत्त्वावर काम करते. आपल्याकडे मात्र दोन टोकं सापडतात. एकीकडे ‘हात जपा’ म्हणून गळ्यात झोळी. त्यात हात खाली लोंबत नाही हे ठीक, पण बोटंही हलत नाहीत, सूज साचते आणि कंडरा व्रणाला चिकटते. दुसरीकडे रबरी चेंडू. तो कोण कोणाला देतं कळत नाही, पण प्रत्येक घरी निघतो. चेंडू दाबल्याने बोट सरळ व्हायला काडीची मदत होत नाही. उलट ज्या कंडरेला आधीच सूज आहे तिच्यावर जोर येतो. पहिल्या आठवड्यांत हवी असते ती बिनजोराची सरक: बोटं पूर्ण सरळ, मग आकड्यासारखी वाकवून, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. आकड्याचा टप्पा गाळायचा नाही, कारण बोटातल्या दोन कंडरा एकमेकींवरून सर्वांत जास्त तिथेच सरकतात. टाके निघून जखम पूर्ण मिटल्यावर व्रण चोळायचा, त्याआधी तेल नाही. व्रण दोन-तीन महिने हुळहुळतो, लाटणं त्यावर टेकलं की बोचतं. हे अपेक्षित आहे आणि आधी सांगितलं तर घाबरवत नाही. दुखणं जखमेच्या मानाने अफाट असेल, सगळा हात सुजून चकचकीत होत असेल, रंग आणि घाम बदलत असेल, तर मात्र ते ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडायचं नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बहुतेकांची बोटं कोणाच्याही मदतीशिवाय बरी होतात. मग सगळ्यांना आठवडेच्या आठवडे व्यायामाला बोलावून पैसे का घ्यायचे? घेऊ नयेत. माझ्याच धंद्याला हे गैरसोयीचं असलं तरी एका कागदावरचे चार व्यायाम बहुतेकांना पुरतात. पण मधुमेह आहे, मधला सांधा आधीपासून वाकलेला आहे, बोट कित्येक महिने अडकत होतं किंवा एकाच वेळी दोन-तीन बोटं मोकळी केली आहेत, अशांना वेगळं काढता येतं आणि काढायला हवं. दुसरा आक्षेप असा की, इतकं सगळं सांगितलं तर लोक ऑपरेशनच टाळतील. मला उलट वाटतं. ‘काही होत नाही’ असं ऐकून गेलेला माणूस तिसऱ्या आठवड्यातल्या दुखण्याने हबकतो, हात गुंडाळून ठेवतो आणि शेजारच्या चार जणांना ऑपरेशन करू नका म्हणून सांगतो.

तेव्हा ऑपरेशनची तारीख घ्यायला जाल त्या दिवशी हात टेबलावर ठेवा आणि आपला मधला सांधा आज किती सरळ होतो तो मोजून लिहून घ्यायला सांगा. टाके निघाल्यावर तो पुन्हा कोण मोजणार, हेही तेव्हाच विचारा.