ब्युरेटमधला बुडबुडा

सहा वर्षांपूर्वी या दाढेचं रूट कॅनल झालं होतं. कुठे केलं ते सांगत नाही. पाऊण तासात सगळं उरकलं, वर कॅप बसली आणि मी खूश होऊन घरी आलो. यंदा गणपतीच्या आधी भाकरीचा कडक पापुद्रा चावला आणि तीच दाढ ठणकली.

या वेळी दुसरीकडे गेलो. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळपट सावली दिसत होती. "काका, वरच्या या दाढेला मुळं तीन असतात, पण नळ्या बऱ्याचदा चार निघतात. तुमच्या तीनच भरल्यात," डॉक्टर म्हणाल्या. माझ्या मुलीहून लहानच असाव्यात.

मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काढली. पोरं प्रॅक्टिकल करून पळायची आणि ब्युरेट-पिपेट धुवायचं माझ्याकडे. त्यामुळे बारीक नळी साफ करणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको, असं मी खुर्चीत आडवा होताना मनात म्हणत होतो.

भूल दिली. मग दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला. मागच्या वेळी असलं काही नव्हतं. थुंकी आत जाऊ नये आणि औषध घशात उतरू नये म्हणून तो लावतात. पण त्यामुळे बोलणं बंद, आणि पुढचा दीड तास मला बोलायचंच फार होतं.

जुनं गुलाबी गटापर्चा उकरून काढलं, सूक्ष्मदर्शकातून चौथं तोंड शोधलं. ते सापडायलाच बराच वेळ गेला. मग जांभळ्या मुठीची फाईल आली. दहा नंबर, म्हणजे टोकाला ०.१० मिलिमीटर. आमच्याकडे स्टोव्हला पिन मारायचो ती हिच्यापुढे सळईच वाटावी. बाई ती दोन बोटांत धरून घड्याळाला किल्ली द्यावी तशी मागेपुढे हलवत होत्या. बाजूचं यंत्र टिकटिक करत होतं. टोक मुळाच्या शेवटाजवळ गेलं की त्याचा आवाज बदलायचा. त्यानंतर पांढऱ्या मुठीची पंधरा नंबर, मग मोटरवर फिरणाऱ्या फायली.

मला वाटलं, झालं. बाई म्हणाल्या, "आता खरी सफाई." फाईल कितीही फिरवली तरी नळीच्या भिंतीचा तिसरा हिस्सा तरी तिला लागतच नाही म्हणे. नळी गोल नसते, चपटी असते, तिला आडव्या फटी असतात. हे मला लगेच पटलं. ब्रश पोचत नाही तिथे आम्हीही क्रोमिक ॲसिड भरून ब्युरेट रात्रभर ठेवायचो.

त्यांनी सिरिंज दाखवली. सुईचं भोक टोकाला नव्हतं, बाजूला होतं. आत तीन टक्के सोडियम हायपोक्लोराइट. ओळखीचा वास आला, पोहण्याच्या तलावाचा. मागच्या वेळी हा वास आला नव्हता, एवढं मला नक्की आठवतं. ते द्रावण आतलं मेलेलं मांस विरघळवतं आणि जंतू मारतं. पण सुई नळीत घट्ट बसवून जोरात दाबली तर मुळाच्या टोकातून बाहेर जातं आणि चेहरा सुजतो. म्हणून बाई सुई सतत वरखाली हलवत होत्या, घाई अजिबात नाही.

मग म्हणाल्या, "आता ईडीटीए, सतरा टक्के." मी पडद्याआडून घोगरा आवाज काढला. दुखतंय का, त्यांनी विचारलं. दुखत नव्हतं. पाण्याचा जडपणा मोजायला हेच द्रावण मी वर्षानुवर्षं बनवलेलं, वाइन रेडचा निळा होईपर्यंत थेंब थेंब सोडलेलं. ते कॅल्शियम धरतं. फायलीने घासून भिंतीवर जो भुसा लिंपला जातो त्यातलं कॅल्शियम ते ओढून घेतं, आणि खालची बारीक छिद्रं मोकळी होतात. अगदी बरोबर औषध, पण सांगणार कसं?

पुढची गोष्ट मात्र मला सुचली नसती. नळी एका बाजूने बंद, त्यामुळे टोकाशी हवा अडकते आणि औषध तिथे पोचतच नाही. ब्युरेटच्या तोटीत असा बुडबुडा राहिला की रीडिंग चुकतं. मी शेकडो पोरांना त्यावरून ओरडलोय. पण ब्युरेटची चावी उघडता येते, दाढेला चावी कुठली? बाईंनी अल्ट्रासॉनिकचं बारीक टोक आत घातलं, वीस-वीस सेकंद, तीन वेळा, दर वेळी ताजं द्रावण. दाढेत माशी गुणगुणल्यासारखं झालं. वर आलेलं द्रावण पहिल्यांदा गढूळ होतं, तिसऱ्यांदा स्वच्छ. हे त्यांनीच सांगितलं.

शेवटी आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप भरला. पानाला लावतात तो चुना, रसायन तेच. दोन आठवड्यांनी बोलावलं.

दुसऱ्या खेपेला लेप धुऊन काढला, पुन्हा तीच दोन द्रावणं, पुन्हा गुणगुण. मग कागदाच्या सुईसारख्या बारीक वाती एकेक करून आत घातल्या. पहिल्या खेपेला चौथ्या नळीतून वात पिवळसर होऊन निघाली होती. या वेळी बाईंनी ती चिमट्यात धरून माझ्या डोळ्यांसमोर आणली. टोकापर्यंत पांढरी, कोरडी.

"भरू आता?" त्यांनी विचारलं. मी अंगठा वर केला.